प्रायमर बसवताय? या चुका टाळा

टेक्सासला आल्यावर शूटिंग रेंजवरच्या दोस्तांच्या नादाने मी गॅरेजमध्ये काडतुसं भरायला लागलो. (इथे ते चालतं. भारतात विनापरवाना केलंत तर १९५९ चा शस्त्र कायदा आडवा येतो, तेव्हा हे वाचून गावी प्रयोग नकोत.) पहिल्या खेपेतल्या सात गोळ्या चाप ओढल्यावर नुसत्या 'टक्' करून राहिल्या. त्याच पुन्हा भरल्या तर मुकाट उडाल्या. मी प्रायमरला, म्हणजे पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या नळीच्या) बुडात बसणाऱ्या आणि ठोका बसताच दारू पेटवणाऱ्या टिकलीला, शिव्या घातल्या, पण दोष माझ्या हाताचा होता.

प्रायमर नीट खाली बसला नसेल, तर फायरिंग पिनचा (चाप ओढल्यावर प्रायमरवर आदळणाऱ्या सुईचा) पहिला ठोका त्याला खाली ढकलण्यातच वाया जातो. प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा इंचाच्या ३ ते ५ हजारांश आत हवा. प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवा. शंका आली तर काचेवर उभी करा. डुगडुगली की समजा प्रायमर वर आलाय. एम-१ गरँडसारख्या रायफलीत फायरिंग पिन मोकळी हलते. तिथे वर आलेला प्रायमर बोल्ट (काडतूस आत ढकलणारा भाग) आपटताच, चापाला हात न लावता उडू शकतो.

दुसरी चूक टूल निवडतानाची. नवख्याने प्रोग्रेसिव्ह प्रेसच्या (दांडा ओढला की काडतूस भरण्याची अनेक कामं एकदम करणाऱ्या यंत्राच्या) वेगाला भुलू नये. हातात धरायचं प्रायमिंग टूल घ्या. प्रायमर टेकला की अंगठ्याला कळतं, प्रेसच्या लांब दांड्याला ते तितकं कळत नाही. दोनशे पुंगळ्यांनंतर अंगठा ठणकतो, हेही खरं. आणि प्रेसचा शेल होल्डर (पुंगळीचं बूड पकडणारा तुकडा) हँड टूलला बसेलच असं नाही, हे आधी बघा.

प्रायमर शिरतच नाही? जोर लावू नका. रेंजवरून वेचलेल्या लष्करी ५.५६ मिमी रायफलीच्या पुंगळ्यांत प्रायमरभोवती क्रिंप (प्रायमर घट्ट धरायला दाबलेली धातूची कड) असतो, तो स्वेजरने (दाबून) किंवा रीमरने (खरवडून) काढावा लागतो. रीमर जास्त फिरवलात तर प्रायमरची खोबण सैल होते आणि ती पुंगळी भंगारात जाते. .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाचा घोळ वेगळाच: त्याच्या पुंगळ्या लहान आणि मोठ्या, दोन्ही प्रायमरच्या मिळतात. लहान खोबणीत मोठा प्रायमर दाबलात की चेंगरलाच. मोठा रायफल प्रायमर पिस्तुलाच्या पुंगळीत घातलात तर तो वर राहतो, कारण त्याची उंचीच जास्त.

उलटा बसलेला प्रायमर ठोकून काढू नका. तेल टाकलं म्हणजे तो मेला, यावरही विसंबू नका. गॉगल लावून, चेहरा बाजूला ठेवून, डीप्रायमिंग डायने (प्रायमर बाहेर ढकलणाऱ्या साच्याने) अगदी सावकाश काढा. प्रायमर बरणीत ओतून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. एक पेटला तर सगळी बरणी जाते. प्रायमर मूळ डब्यातच बरे.

काम संपलं की आधी साबणाने हात, मग चहा. प्रायमरमध्ये शिसं असतं.