बायकर जॅकेटचे पॅच करून घेताना

सोलापूर हे गणवेशांचं गाव. त्यामुळे बुलेट ग्रुपच्या बिनबाह्यांच्या जॅकेटांसाठी पॅच हवे असतील तर पुण्या-मुंबईकडे धावू नका. शाळेच्या खिशावर लोगो काढणारी कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीची मशीन इथेच आहेत.

खरी काळजी घ्यायची ती अक्षरांची. नाव मराठीत असेल तर अक्षर किमान 10 मिलिमीटर उंच ठेवा. त्याहून लहान केलं की ‘क्ष’, ‘श्री’ यांच्यातली पोकळी दोऱ्याने बुजते, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो आणि एवढ्या हौसेनं ठेवलेलं नाव कुणाला वाचताच येत नाही. डिझाइन करणाऱ्याला जाड, सुटसुटीत फॉन्ट तुम्हीच द्या. सगळा लॉट टाकण्याआधी एक नमुना काढून घ्या आणि तो चार-पाच पावलं लांबून बघा.

दोरा पॉलिएस्टरचाच मागा. रेयॉनला चमक छान असते, पण आपल्याकडच्या चाळिशीपारच्या उन्हात तो लवकर विटतो. भाव बहुधा टाक्यांवर ठरतो, म्हणून पाठीवरच्या मोठ्या पॅचला पूर्ण भरणी करू नका. पॅचच्या तळाला असलेल्या ट्विल (तिरप्या विणीच्या) कापडाचाच रंग मागे राहू द्या. पैसे वाचतात, पॅचही ताठ होत नाही.

लेदरवर इस्त्रीने चिकटवायचा पॅच नको, उष्णतेने चामडं आकसतं. शिवूनच घ्या. मात्र चामड्यात पडलेलं सुईचं भोक बुजत नाही, तेव्हा आधी पॅच चिकटपट्टीने लावून, जॅकेट घालून, गाडीवर बसून जागा पक्की करा.