लकवा टाळायचा असेल तर आधी बीपी मोजा, मग मिठाचा पुडा बघा

लकवा, म्हणजे पक्षाघात, एका क्षणात येतो, पण त्यामागचे सर्वांत मोठे कारण असलेला उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे अंगात मुकाट बसलेला असतो. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे बीपी ठीकच असणार, हा समज आधी सोडा.

पहिले काम म्हणजे बीपी नीट मोजणे. चहा, तंबाखू किंवा जिना चढून आल्यावर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधा, बाहीवरून नको. हात टेबलावर, छातीच्या पातळीला ठेवा आणि मोजताना बोलू नका. मिनिटभराने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. घरी आकडा वारंवार १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी सुरू झाली की ती मनाने बंद करू नका. ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून गोळ्या सोडणारे फार दिसतात आणि मला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते. बीपी नॉर्मल असतो तो गोळीमुळेच.

दुसरे काम स्वयंपाकघरात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. चौघांच्या घराचा हिशेब महिन्याला ६०० ग्रॅमवर जातो, तोही लोणचे, पापड, फरसाण, सुकट आणि बाहेरचा वडापाव धरून. मिठाचा पुडा फोडाल तेव्हा त्यावर तारीख लिहा. किलोभर मीठ महिन्यात संपत असेल तर हात आखडायलाच हवा. ताटात वाढायचे मीठ बंद करा, भात-पोळीत मीठ घालू नका. आमटीला लिंबू, कोकम, कोथिंबीर असली की चव जात नाही. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, त्यामुळे मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

विडी-सिगारेट सोडाच, पण मिश्री आणि चुना-तंबाखूही सोडा. धूर नाही म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत. दारू टाळा. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चाला, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. नाडी अनियमित लागत असेल किंवा घोरताना श्वास अडकत असेल तर तपासून घ्या.

एवढे करूनही कुणाचे तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तेल चोळत बसू नका आणि अ‍ॅस्पिरिनही देऊ नका. सीटी स्कॅन केल्याशिवाय मेंदूत रक्ताची गुठळी आहे की रक्तस्राव, हे कळत नाही. लक्षण किती वाजता दिसले ते लक्षात ठेवा, १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलेच रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते.