लवादाचे प्रकरण न्यायालयात नेताना या चुका टाळा

करारात लवादाचे कलम (वाद न्यायालयाऐवजी खासगी लवादाकडून सोडवण्याची अट) असले की न्यायालयाचा संबंध संपला, असे काही व्यापारी समजतात. लवादाचा निवाडा विरुद्ध गेला तर न्यायालयात सगळे पुन्हा उघडता येईल, अशी इतरांची खात्री असते. लवाद आणि समेट अधिनियम, १९९६ या दोघांनाही निराश करतो. कायद्याने नेमून दिले आहे तेवढ्यातच न्यायालय हात घालते, आणि तिथे जाण्याची वेळही बहुतेकदा ठरलेली असते.

दाव्याचे समन्स आल्यावर सविस्तर कैफियत (लेखी उत्तर) दाखल करायची आणि मग लवादाचे कलम आठवायचे, ही नेहमीची चूक आहे. वाद लवादाकडे पाठवा, असे मागणारा अधिनियमाच्या कलम ८ चा अर्ज कैफियतीच्या आधी, फार तर तिच्यासोबत द्यावा लागतो.

कलम ९ खाली मनाई हुकूम मिळवून स्वस्थ बसणारेही कमी नाहीत. लवाद (म्हणजे लवादाची कार्यवाही) सुरू होण्यापूर्वी असा हुकूम मिळाला, तर त्यापासून ९० दिवसांत, किंवा न्यायालय वाढवून देईल त्या मुदतीत, लवाद सुरू व्हावा लागतो. आणि तो सुरू होतो लवाद मागणारी नोटीस समोरच्याला मिळते त्या दिवशी, तुम्ही ती पोस्टात टाकता त्या दिवशी नव्हे. पोचपावती जपून ठेवा. ‘आमचे व्यवस्थापकीय संचालक लवाद नेमतील’ अशी जुनी कलमेही तपासून घ्या. वादाच्या निकालात ज्याचे हितसंबंध गुंतले आहेत, त्याला एकट्याला एकमेव लवाद नेमता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे.

सर्वाधिक नुकसान मात्र कलम ३४ च्या मुदतीत होते. निवाडा रद्द करण्याचा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. सबळ कारण दाखवल्यास आणखी ३० दिवस मिळतात, त्यापुढे एकही नाही. हे महिने दिनदर्शिकेचे आहेत, ९० दिवस नव्हेत. सही केलेली प्रत ४ मार्चला मिळाली, तर तीन महिने ४ जूनला संपतात आणि वाढीव दिवस ४ जुलैला. तीन महिन्यांचा शेवटचा दिवस सुट्टीत आला, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी अर्ज चालतो. वाढीव ३० दिवस सुट्टीत संपले, तर ही सवलत नाही, हे २०२५ च्या निकालाने पुन्हा स्पष्ट झाले. मेच्या सुट्टीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हा फरक लिहूनच ठेवावा. मुदत मोजायची ती सही केलेली प्रत पक्षकाराला मिळाल्यापासून. समोरच्याने पाठवलेल्या झेरॉक्सपासून नव्हे. महाराष्ट्र शासन विरुद्ध आर्क बिल्डर्स या २०११ च्या प्रकरणात शासनाची बाजू नेमकी याच मुद्द्यावर तरली.

अर्जाचा मजकूरही पाहा. लवादाने पुरावा चुकीचा वाचला, एवढ्यावर पानामागून पाने भरलेली असतात. पण हे अपील नाही आणि पुरावा नव्याने तोलला जात नाही. नोटीस न मिळणे, अधिकारकक्षेबाहेर जाणे, सार्वजनिक धोरणाचा भंग अशा मोजक्या कारणांवरच अर्ज टिकतो.

आणि अर्ज दाखल झाला म्हणून वसुली थांबत नाही. २०१५ च्या दुरुस्तीपासून स्थगितीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि निवाडा पैशाचा असेल तर न्यायालय सहसा रक्कम जमा करायला सांगते. त्या रकमेची तजवीज अर्ज लिहायला घेतानाच करावी, कारण तोवर समोरचा पक्ष बँक खात्यावर जप्ती आणण्याच्या तयारीला लागलेला असतो.