हँडहेल्ड कन्सोलची तुलना कशी करायची: गेम बॉयपासून स्टीम डेकपर्यंत

हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं मशीन, घ्यायचा म्हटलं की आपण काय करतो, चार टॅब उघडतो, प्रोसेसर बघतो, रॅम बघतो, रिझोल्यूशन बघतो आणि ज्याचे आकडे मोठे तो भारी असं ठरवून मोकळे होतो. मीपण हेच करायचो. पण १९८९ साली कोणी या पद्धतीने तुलना केली असती ना, तर त्याने छातीठोकपणे सांगितलं असतं की निन्टेन्डोचा गेम बॉय आपटणार. बघा ना, गेम बॉयची स्क्रीन १६० बाय १४४ पिक्सेल, हिरवट रंगाच्या चार छटा, मागे लाइट नाही, वस्तू पळायला लागली की मागे धुरकट शेपूट. आणि त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्सला रंगीत स्क्रीन, बॅकलाइट, सगळं काही, पुढच्याच वर्षी सेगाचा गेम गिअर आला तोही रंगीत. फक्त हे दोघं सहा-सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत फस्त करायचे आणि गेम बॉय चार सेलवर पंधरा तास सहज काढायचा. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८० लाखांच्या वर विकले गेले, बाकी दोघं त्याच्या आसपासही नाहीत. ज्याने तो बनवला त्या गुनपेई योकोईंचं म्हणणंच होतं की नवंकोरं तंत्रज्ञान नको, चांगलं मुरलेलं आणि स्वस्त झालेलं घ्या आणि त्याचा वापर नवा शोधा.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. ताकद सगळ्यात शेवटी. आधी स्वतःला विचारा की तुम्ही सलग किती वेळ खेळता. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे मिळत असतील तर तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्लीप मोड, आणि ही गोष्ट जाहिरातीत कुठेच ठळक नसते. निन्टेन्डो डीएसचं झाकण मिटलं की गेम जिथल्या तिथे थांबतो, उघडलं की तिथूनच चालू. सोनीच्या पीएसपीला बाजूचा खटका एकदा सरकवला की तेच. निन्टेन्डो स्विच तसाच, कॉम्प्युटरचे गेम चालवणारा स्टीम डेकपण पॉवर बटण दाबलं की झोपतो आणि काही सेकंदांत उठतो. मूळ गेम बॉयला असलं काही नव्हतं, स्विच बंद म्हणजे खेळ खल्लास, त्यामुळे टेट्रिससारखा कधीही सोडता येणारा गेम त्याच्यावर इतका चपखल बसला.

विंडोजवाल्या हँडहेल्डचं मात्र इथेच घोडं अडतं. मुळात ती सिस्टिम मांडीवरच्या आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेली, तिला झोपेतून कधी कोणता अपडेट उठवेल सांगता येत नाही. माझ्याकडे असाच एक होता, मी झोपवून बॅगेत टाकला, दोन तासांनी बॅग गरम लागली म्हणून बघतो तर आत पंखा घरघरतोय आणि बॅटरी सात टक्के. तेव्हापासून मी हायबरनेटच करतो (म्हणजे चालू गेम साठवून मशीन पूर्ण बंद), उठायला थोडा जास्त वेळ लागतो पण निदान बॅगेत भट्टी तरी पेटत नाही. तुम्हाला तपासायचं असेल तर सोपं आहे: गेममधलं पात्र उडी मारून हवेत असताना बटण दाबा, दहा मिनिटांनी परत दाबा, उडी तिथूनच पूर्ण होते का बघा. आणि रात्री झोपताना बॅटरीचा टक्का लिहून ठेवा, सकाळी परत बघा. दोन-चार टक्के गेले तर चालतंय, वीस गेले तर हा हँडहेल्ड नाही, छोटा लॅपटॉप आहे.

आता बॅटरी. कंपनी "इतके तास" म्हणते त्याकडे सरळ दुर्लक्ष करा. दोनच आकडे लागतात, बॅटरी किती वॅट-अवरची आणि मशीन किती वॅट खातं, मग भागाकार. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॅट-अवरची, २०२३ च्या ओलेड (प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो अशी स्क्रीन) मॉडेलची ५०, विंडोजवाल्या आरओजी अलायची ४० होती आणि अलाय एक्सला ती थेट ८० केली. जड थ्रीडी गेममध्ये पूर्ण मशीन मिळून वीस-बावीस वॅट सहज जातात, म्हणजे ४० वाल्यावर दोन तास पण धड नाही. तेच एखादा साधा टूडी गेम आठ वॅटमध्ये चालतो, की झाले पाच तास. म्हणजे एकाच मशीनची बॅटरी "खराब" पण आणि "मस्त" पण, दोन्ही म्हणणारे लोक खरं बोलतायत, फक्त गेम वेगळा आहे.

इथे एक युक्ती, जी मी कोणालाही पहिल्यांदा सांगतो. फ्रेम रेट, म्हणजे गेम सेकंदाला किती चित्रं (एफपीएस) काढतो तो आकडा, ४० ला बांधून टाका. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद असते, ३० ला ३३.३, आणि ४० ला २५, म्हणजे वेळेच्या हिशोबात ४० हा ३० आणि ६० च्या बरोब्बर मध्ये बसतो, आकड्यावरून तसं वाटत नाही पण हाताला लगेच कळतं. फक्त स्क्रीनने साथ द्यायला पाहिजे. १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करणाऱ्या स्क्रीनवर प्रत्येक फ्रेम तीनदा दाखवली की झालं, डेकच्या स्क्रीनचा रिफ्रेश रेट बदलता येतो म्हणून तिथेही जमतं, पण साध्या न बदलणाऱ्या ६० हर्ट्झवर ४० नीट बसतच नाही, चित्र अडखळतं. तेव्हा स्क्रीन १२० हर्ट्झची असेल तर तो नुसता दिखावा समजू नका, तिथपर्यंत फ्रेम पोचत नसल्या तरी असा उपयोग होतो.

स्क्रीनच्या बाबतीत नवे गेम खेळणार असाल तर फार डोकं लावू नका, ओलेड मिळाला तर उत्तम. पण जुने गेम खेळायचे असतील तर जरा गणित करावं लागतं आणि मला हा भाग खरंच आवडतो. जुन्या गेमचा एक पिक्सेल नव्या स्क्रीनवर पूर्ण संख्येने मोठा झाला पाहिजे, दुप्पट, तिप्पट, चौपट असा. आता अॅनबर्निक किंवा मियूचे जे छोटे रेट्रो हँडहेल्ड असतात त्यातल्या बऱ्याच जणांची स्क्रीन ६४० बाय ४८० असते. त्यावर गेम बॉयचं चित्र तिप्पट केलं तर ४८० बाय ४३२ होतं, जवळपास सगळी उंची भरते, छान. पण गेम बॉय अॅडव्हान्सचं चित्र २४० बाय १६०, ते दुप्पट केलं तर ४८० बाय ३२०, चारही बाजूंना जाड काळी पट्टी. आणि रुंदी भरेपर्यंत ताणलं तर २.६७ पट, म्हणजे काही पिक्सेल दोनाचे आणि काही तीनाचे होतात. थांबलेल्या चित्रात हे कळत नाही, पण विटांची भिंत आडवी सरकू द्या, ती अशी लाट आल्यासारखी थरथरते की एकदा दिसलं की मग तेच दिसत राहतं. त्याच गेमसाठी ७२० बाय ४८० ची स्क्रीन घ्या, बरोब्बर तिप्पट, भिंत गपगुमान सरकते. अॅनालॉग पॉकेट नावाच्या रेट्रो मशीनवाल्यांनी तर १६०० बाय १४४० ची स्क्रीन टाकली, म्हणजे गेम बॉयच्या नेमकी दहा पट. आणि पीएसपी ४८० बाय २७२ तर पीएस व्हिटा ९६० बाय ५४४, दोन्हीकडून दुप्पट, म्हणून पीएसपीचे गेम व्हिटावर इतके स्वच्छ दिसतात. तेव्हा रेट्रो मशीन घेताना आधी ठरवा की सगळ्यात जास्त कुठल्या जमान्याचे गेम खेळणार, आणि मग त्याच्या रिझोल्यूशनने स्क्रीनला भागून बघा. डीएसचे गेम असतील तर मात्र एका स्क्रीनच्या मशीनवर जिवाचा आटापिटा करू नका, दोन स्क्रीन आणि स्टायलस यासाठीच ते लिहिलेत, जुना डीएस लाइट किंवा थ्रीडीएस शोधा.

उन्हात खेळणार असाल तर सगळंच उलटं होतं. २००१ च्या गेम बॉय अॅडव्हान्सला लाइटच नव्हता, घरात दिव्याखाली मान वाकडी करून बसावं लागायचं, पण उन्हात नेला की चित्र एकदम खुलतं, जिथे आजचे महागडे ओलेड आरसा बनतात. २००३ च्या अॅडव्हान्स एसपीत समोरून लाइट आला, घडी आली, चार्ज होणारी बॅटरी आली, आणि हेडफोनचं भोक गेलं, का ते त्यांचं त्यांना माहीत. प्लेडेट नावाचं ते चिमुकलं पिवळं, बाजूला हँडल फिरवायचं मशीन आहे ना, त्यालाही बॅकलाइट नाही आणि तेपण उन्हात झकास दिसतं.

हातात कसं वाटतं हे वाचून कळत नाही, पण वजन कळतं. स्विच लाइट पावणेतीनशे ग्रॅम, पहिला स्टीम डेक ६६९, विंडोजवाला लिजन गो कंट्रोलरसकट ८५४. ग्रॅम वाचून काही बोध होत नसेल तर पाणी भरलेली पाऊण लिटरची बाटली दोन्ही हातांनी धरून पाठीवर झोपा आणि वीस मिनिटं तशीच चेहऱ्यासमोर ठेवा. मग ठरवा.

डी-पॅडची, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या दिशेच्या बटणाची, माझी परीक्षा टेट्रिसच आहे. तुकडा पटापट डावी-उजवी हलवा, मुद्दाम घाईघाईत, अंगठा न उचलता. मध्येच तुकडा आपोआप खाली सुटायला लागला तर त्या डी-पॅडला तिरकस दाब चुकीचा कळतोय, फायटिंग गेममध्ये तो तुम्हाला रडवणार. अंगठ्याने फिरवायच्या स्टिकसाठी एकच प्रश्न विचारा, आत हॉल सेन्सर आहे का. साध्या स्टिकमध्ये पट्टीवर पट्टी घासते आणि कालांतराने तुम्ही हात लावला नाही तरी पात्र एका बाजूला चालू लागतं, हॉलमध्ये चुंबक असतो, घासायला काही नसतंच. स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरचा हा ड्रिफ्ट सगळ्यांना पाठ आहे आणि स्विच २ मध्येही हॉल सेन्सर नाहीत.

गेम कुठून येणार आणि उद्या राहणार का, हे विचारायला लोक विसरतात. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं, त्यानंतर डिजिटल काही विकत घेता येत नाही, कार्ट्रिज (गेम ज्यात येतो ती खोचायची डबी) मात्र चालतायत. पण कार्ट्रिज म्हणजे गेम आतच आहे असं आता धरून चालू नका, स्विच २ च्या काही बॉक्सवर गेम-की कार्ड असं लिहिलेलं असतं, त्यात गेम नसतोच, कार्ड घालून डाउनलोड करावा लागतो. डबा नीट वाचा. त्याच स्विच २ ला गेम ठेवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच लागतं, घरात पडलेलं साधं कार्ड चालणार नाही. जुन्यात पीएस व्हिटाची मेमरी कार्डं वेगळीच आहेत, दुसऱ्या कशात बसत नाहीत, म्हणून व्हिटा सेकंडहँड घेताना कार्डासकटच घ्या. थ्रीडीएसचे गेम रिजनला (ज्या देशा-विभागात विकले त्याला) बांधलेले, पण डीएस, पीएसपी, अॅडव्हान्सचे बहुतेक कुठेही चालतात. स्टीम डेकवर लिनक्स आहे, बहुतेक विंडोज गेम प्रोटॉन नावाच्या सॉफ्टवेअरमुळे चालतात, अडतात ते अँटी-चीटवाले (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर असलेले) ऑनलाइन गेम, तुमचं सगळं जग त्यातलंच एक असेल तर आधी खात्री करा. आणि छोट्या रेट्रो मशीनसोबत मेमरी कार्डात शेकडो गेम "फुकट" भरून येतात ते कायदेशीर नसतात, शिवाय ती कार्डं इतकी पडेल असतात की माझं तिसऱ्या आठवड्यात गेलं आणि सेव्ह पण घेऊन गेलं. स्वतःकडच्या कार्ट्रिज डम्प करा (गेम फाइल म्हणून उतरवून घ्या), चांगल्या कार्डावर ठेवा.

आता जुनं मशीन हातात घेऊन तपासायचं असेल तर. बॅटरीचं झाकण आधी उघडा, सेलच्या स्प्रिंगवर हिरवी-पांढरी पूड असेल तर थोडी असली की व्हिनेगरने निघते, खूप असली की सोडून द्या. चार्जवाली बॅटरी असेल तर ती सपाट टेबलावर ठेवून फिरवा, भोवऱ्यासारखी फिरली तर फुगलेली आहे, ती परत बसवू नका, टोचू तर अजिबात नका. गेम गिअरचा आवाज बारीक येत असेल किंवा चित्र फिकं असेल तर आतले कपॅसिटर गेलेले असतात, आणि ते आज ना उद्या जातातच, सोल्डरिंग येत नसेल तर बदललेलाच घ्या. डीएस लाइटच्या उजव्या बिजागरीला तडा आहे का बघा, स्टायलसने कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ ओढा आणि ती कुठे तुटते का बघा.

कार्ट्रिजचं वेगळंच. गेम बॉयच्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये सेव्ह टिकवायला आत बटणसारखा सेल असतो, तो मेला की गेम चालतो पण सेव्ह राहत नाही. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये तो सेल घड्याळही चालवतो, त्यामुळे पोकेमॉन रेडच्या आधी बहुतेक तोच संपतो. सेल बदलता येतो, पण काढला की आतला सेव्ह गेला, म्हणून आधी बॅकअप. तपासायचं तर सेव्ह करा, कार्ट्रिज काढा, अर्धा तास थांबा, परत घाला. किंवा विकणाऱ्याला सांगा की मला देण्याआधी जुना सेव्ह पुसू नका, चालू केल्यावर "कंटिन्यू" दिसलं म्हणजे सेल जिवंत. माझ्या पोकेमॉन रेडमध्ये कोणाचातरी ६१ तासांचा सेव्ह आहे, आठही बॅज, टीममध्ये चारिझार्ड. त्यात एकच सेव्ह बसतो, माझा गेम सेव्ह करायचा तर त्याचा जाणार, म्हणून मी अजून दुसऱ्या कार्ट्रिजवरच खेळतोय.