वर्गात गप्प बसणाऱ्या पोरांना बोलतं कसं करायचं?

बालवाडीत किंवा पहिलीत एखादं पोर बोलतच नसेल तर आधी त्याला प्रश्न विचारणं कमी करा. "हे काय? रंग कोणता?" असं सारखं चालू राहिलं की ते अजूनच आखडतं. त्यापेक्षा डबा खाताना शेजारी बसा आणि आपणच बोला, "अरे वा, आज भेंडी! मला पण आवडते", आणि मग गप्प राहा, मनात दहापर्यंत आकडे मोजा, कारण खरं सांगू का, शांतता आपल्यालाच सहन होत नाही.

मूल म्हणालं "ताई, पानी सांदलं", तर "सांडलं म्हण" असं सगळ्यांसमोर करायचं नाही. "हो का, सांडलं? कुठे सांडलं? चल पुसूया." बास, बरोबर शब्द दोनदा कानावर पडला. आणि 'पानी'ला तर हातच लावू नका, ती त्याच्या घरची बोली असेल. घरी पावरी, गोंडी, हिंदी काहीही असो, वर्गात बोलू द्या, त्याने मराठी बिघडत नाही.

एक मात्र नक्की बघा, पाठीमागून हळू हाक मारली तर वळतं का? कान वाहतोय का? शंका आली तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते, त्यांना त्या मुलाचं नाव आठवणीने सांगा, गरज वाटली तर ते पुढच्या तपासणीला पाठवतात.