प्रिन्स महिदोल पुरस्कारासाठी एखाद्याचं नाव पाठवायचंय? फाइल अशी बनवा

तुमच्या ओळखीत असं कुणीतरी असेल ज्यांनी उभं आयुष्य एका आजारामागे घालवलं, आणि त्यांच्या कामामुळे आज दुसऱ्या देशातले डॉक्टरसुद्धा वेगळ्या पद्धतीने उपचार करतात. अशा माणसाचं नाव या पुरस्कारासाठी जायला हवं असं मनापासून वाटतं, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. मी अशी एक फाइल तयार करायला मदत केलीय, पहिल्या खेपेला पार चुकलो होतो आणि दुसऱ्या खेपेला सगळी फाडून नव्याने लिहिली, म्हणून जे कळलं ते सांगतो.

आधी पुरस्काराबद्दल थोडक्यात. हा थायलंडचा पुरस्कार, १९९२ साली सुरू झाला, कारण राजपुत्र महिदोल यांच्या जन्माला (१ जानेवारी १८९२) तेव्हा शंभर वर्षं झाली. राजा भूमिबोल यांचे हे वडील. राजघराण्यातला माणूस, पण हार्वर्डला जाऊन सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यक शिकले आणि परत येऊन चियांग माईच्या मॅककॉर्मिक हॉस्पिटलात साधे निवासी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेही फार दिवस नाही कारण १९२९ लाच गेले, वय अवघं ३७. थायलंडमध्ये त्यांना आधुनिक वैद्यकाचे जनक मानतात. पुरस्कार दोन गटांत मिळतो, वैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य, आणि प्रत्येक गटाला पदक, मानपत्र आणि एक लाख अमेरिकन डॉलर.

पहिला प्रश्न, नाव कोण पाठवू शकतं? स्वतःचं नाव स्वतः पाठवायचं नाही, ते धरत नाहीत. राष्ट्रीय पातळीवरची वैद्यकीय संघटना किंवा त्या तोडीची संस्था, किंवा त्या संस्थेच्या वतीने कुणी अधिकारी व्यक्ती, अशांकडून नाव जावं लागतं. म्हणजे तुम्ही ज्युनिअर असाल, पीएचडी करत असाल किंवा फिल्डवर काम करत असाल तर सही तुमची नसणार, पण फाइल तुम्ही बनवू शकता आणि खरं सांगायचं तर ती अशाच लोकांनी बनवावी ज्यांनी ते काम जवळून बघितलंय. सही करणाऱ्या मोठ्या माणसाला लवकर गाठा, कारण ते लोक कायम दौऱ्यावर असतात आणि शेवटच्या आठवड्यात फोन उचलत नाहीत. फॉर्म आणि शेवटची तारीख त्या-त्या वर्षी पुरस्कार देणाऱ्या फाउंडेशनच्या साइटवरच बघायची, मित्राने गेल्या वर्षीचा पाठवलेला फॉर्म अजिबात वापरू नका.

आता मुख्य गोष्ट. फॉर्म उघडायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर एकच वाक्य लिहा: या माणसाने काय केलं आणि त्यामुळे कुणाचं काय बदललं. एकच वाक्य. आम्ही पहिल्या खेपेला हे केलंच नाही, चौदा पानं भरली, कुठल्या कमिटीवर होते, किती परिषदांना गेले, किती पेपर, किती विद्यार्थी, आणि शेवटी एका ज्येष्ठ डॉक्टरांनी वाचून विचारलं की हे सगळं ठीक, पण यांनी नक्की केलं काय? उत्तर होतं, पण बाराव्या पानावर होतं.

हे वाक्य कसं असावं याचा सराव जुन्या मानकऱ्यांवर करा, यादी वाचून भारी शिकायला मिळतं. २००६ चं उदाहरण घ्या, मला ते सगळ्यात जास्त आवडतं. त्या वर्षी दोन्ही गटांचे पुरस्कार एकाच प्रश्नाला मिळाले, जुलाबात शरीरातलं पाणी जाऊन होणारे मृत्यू. वैद्यक गटात स्टॅन्ली शुल्ट्झ, कारण आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने कसं शोषलं जातं ते त्यांच्या कामातून समजलं. सार्वजनिक आरोग्य गटात रिचर्ड कॅश, डेव्हिड नलिन आणि दिलीप महालनबीस, कारण त्या ज्ञानाचं त्यांनी तोंडाने पाजायच्या औषधात रूपांतर केलं आणि ते माणसांपर्यंत नेलं. आपल्या उमेदवाराला कुठल्या गटात टाकायचं हा गोंधळ ही एक जोडी बघितली की बहुतेक सुटतो: शरीर कसं चालतं किंवा आजार कसा होतो ते उलगडलं असेल, नवं औषध शोधलं असेल तर वैद्यक, आणि असलेलं ज्ञान हजारो लोकांपर्यंत पोचवायचा रस्ता काढला असेल तर आरोग्य. मधलं काम असेल तर जिथे पुरावा जास्त भक्कम तो गट घ्या.

मग त्या एका वाक्याखाली साखळी लिहायची. आधी काय परिस्थिती होती, यांनी काय केलं, नंतर काय झालं, आणि दुसऱ्यांनी ते उचललं का. महालनबीसांचंच बघा. १९७१, बांगलादेशचं युद्ध, सीमेजवळ पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांची प्रचंड गर्दी आणि त्यात कॉलरा. हॉस्पिटलात पेशंट जमिनीवर पडलेले, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. तेव्हा त्यांच्या टीमने एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असं प्रमाण धरून पुड्या बांधल्या, पाणी पिंपात कालवलं आणि पिंपाच्या नळाखाली भांडी धरून नातेवाइकांनीच पेशंटला पाजलं. ३,७०० च्या आसपास पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्के राहिलं, जिथे त्याआधी ते ३० टक्क्यांच्या आसपास होतं. आणि हे हवेतून आलं नव्हतं, कॅश आणि नलिन यांनी १९६८ सालीच ढाक्यात कॉलराच्या पेशंटवर तोंडाने द्यायच्या द्रावणाची चाचणी केली होती. आता यात विशेषणं शोधून बघा, एकही लागत नाही. ३० चे ३.६ झाले हे लिहिलं की "अतुलनीय योगदान" लिहायची गरजच उरत नाही.

तुमच्या उमेदवाराचा असा आकडा शोधा, तो एक आकडा मिळवायला महिनाभर गेला तरी चालेल. आणि तो आकडा कुठून आला ते दाखवता आलं पाहिजे, छापील पेपर, सरकारी रिपोर्ट, काहीतरी हातात हवं. "लाखो लोकांना फायदा झाला" असं मोघम लिहू नका, पुरस्काराच्या विज्ञान सल्लागार समितीत त्याच क्षेत्रातले लोक असतात, ते बरोबर तिथेच बोट ठेवतात. त्यांच्यानंतर नावं आंतरराष्ट्रीय पुरस्कार समितीकडे जातात आणि शेवटी राजकन्या महाचक्री सिरिंधोर्न यांच्या अध्यक्षतेखालच्या विश्वस्त मंडळाकडे, म्हणजे तुमचा कागद त्या विषयातला नसलेला माणूसही वाचणार. म्हणून शॉर्टफॉर्म टाळा, आणि घरातल्या कुणालातरी ती एक-दोन पानं वाचायला द्या. जिथे ते अडखळले तिथे पुन्हा लिहा.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे श्रेय, यावर घाई करू नका. काम एकट्याचं आहे का दोघांचं का अख्ख्या टीमचं, हे आधी त्या लोकांशी बोलून ठरवा. २००३ साली मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधासाठी हा पुरस्कार चीनच्या संशोधन गटाला दिला गेला, कारण ते काम अनेक संस्थांतल्या लोकांनी मिळून केलं होतं, आणि त्याच गटातल्या तू यूयू यांना पुढे २०१५ ला नोबेल मिळालं. २०२१ ला एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू) लशीच्या कामासाठी कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांच्यासोबत पीटर कुलिस यांचंही नाव होतं, कारण तो नाजूक आरएनए पेशीत पोचवायला चरबीचे बारीक कण लागतात आणि त्यावर कुलिस यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. याच कामाच्या २०२३ च्या नोबेलमध्ये कारिको आणि वाइसमन दोघंच होते. आमच्या पहिल्या फाइलमध्ये एका सिस्टरांचं नाव राहून गेलं होतं ज्यांनी गावोगावी फिरून सगळ्या नोंदी ठेवल्या होत्या, आणि ज्यांच्यासाठी फाइल बनवत होतो त्या आमच्या मॅडमनीच ती परत पाठवली की त्यांच्याशिवाय हे माझं कामच नाही. मला आजही ते आठवलं की खूप लाजल्यासारखं होतं. मानकरी म्हणून नाव घालता आलं नाही तरी मजकुरात कुणी काय केलं ते स्पष्ट लिहा.

शिफारसपत्रं मागताना नेहमीची चूक म्हणजे सगळ्यात मोठ्या हुद्द्याचा माणूस शोधणं. त्यापेक्षा दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या संस्थेत ज्याने ही पद्धत वापरून बघितली त्याच्याकडून पत्र घ्या, आणि त्याला तयार मसुदा देऊ नका, नाहीतर तीन पत्रांत तीच तीच वाक्यं येतात. फक्त एवढंच सांगा की तुम्ही हे कधी वापरलं आणि तुमच्याकडे काय फरक पडला ते लिहा. पेपरची यादी लांबलचक जोडण्यापेक्षा मोजके चार-पाच निवडा आणि प्रत्येकाखाली एक ओळ, यात नवीन काय होतं. फॉर्ममध्ये याहून वेगळं मागितलं असेल तर अर्थात फॉर्म सांगेल तसं.

बायोडेटा, जन्मतारीख, पासपोर्टवरचं स्पेलिंग, हे सगळं उमेदवाराकडून एकदा तपासून घ्या. पाठवल्यावर पोच आली का बघा, नाही आली तर विचारा.

आणि पहिल्या वर्षी नाव आलं नाही तर फाइल टाकून देऊ नका. महालनबीसांचं बनगावचं काम १९७१ चं आणि पुरस्कार २००६ चा, मध्ये ३५ वर्षं गेली. आमची फाइल एका फोल्डरमध्ये आहे, दर सहा महिन्यांनी मी ती उघडतो, नवीन कुठल्या जिल्ह्यात किंवा देशात ती पद्धत सुरू झाली असेल तर साखळीत एक ओळ वाढवतो, आणि त्या सिस्टरांना फोन करून विचारतो की नोंदी अजून चालू आहेत ना.