शॉट झकास, फिल्म कंटाळवाणी? एडिटिंगमधल्या या चुका टाळा

नाशिकमध्ये शॉर्ट फिल्म करायला आता कॅमेऱ्यावाचून कुणाचं अडत नाही. हातात मोबाइल आहे, लोकेशनला गोदाघाट आहे आणि एका मिसळीवर दिवसभर काम करणारे मित्र आहेत. अडतं ते एडिटला बसल्यावर. शॉट एकेक सुंदर असतात, पण जोडले की दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये घरचे लोकसुद्धा चुळबुळ करायला लागतात. बहुतेक वेळा कारण एकच: या कटने, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाण्याने, प्रेक्षकाला नवीन काय मिळालं, हे कापणाऱ्याने स्वतःला विचारलेलंच नसतं.

सगळंच दाखवणं

हीरो सीबीएस बसस्टँडला उतरतो, रिक्षा करतो, पंचवटीत पोचतो, जिना चढतो, बेल वाजवतो, मग दार उघडतं. दीड मिनिट गेलं आणि गोष्ट अजून सुरू व्हायची आहे. बसमधून बॅग खाली घेणारा हात आणि लगेच दार उघडणारी आई, एवढ्या दोन शॉटांत काम भागतं. मधला रस्ता प्रेक्षक मनातच पार करतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी एकेक फ्रेम टिपून वाटाण्याच्या रोपाची वाढ पडद्यावर दाखवली होती. कित्येक दिवस त्यांनी काही क्षणांत बसवले. वेळ गाळायची ही ताकद एडिटरच्या हातात असते, ती वापरा. रिक्षात बॅगेतले पैसे चोरीला जाणार असतील तर मात्र रिक्षा ठेवा. तीच तुमची गोष्ट आहे.

जो बोलेल त्याचंच तोंड

सगळ्यात जास्त फिल्म इथे मार खातात. समजा, सीन लासलगावच्या कांदा लिलावाचा आहे. शेतकरी ट्रॉलीला टेकून उभा आहे, व्यापारी भाव पुकारतोय. नवखा एडिटर व्यापारी बोलला की व्यापाऱ्यावर आणि शेतकरी बोलला की शेतकऱ्यावर कट करतो. टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान फिरत राहते आणि हाती काहीच लागत नाही.

आता भाव पुकारताना चित्र शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरच ठेवा आणि व्यापाऱ्याचा फक्त आवाज येऊ द्या. आकडा त्याच्या कानावर पडतो, गिळलेला आवंढा दिसतो, गमछ्यावरची मूठ घट्ट होते. सीन आता त्याचा झाला. आवाज पुढच्या शॉटचा आणि चित्र अजून आधीचं असेल तर तो जे-कट. चित्र बदललं आणि आधीच्या शॉटचा आवाज पुढे सांडला तर एल-कट. टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये शॉट ओळीने मांडतो त्या पट्ट्यावर, ऑडिओची पट्टी चित्रापासून सोडवून दहा-बारा फ्रेम मागेपुढे सरकवा, संवादातला निम्मा ताठरपणा तिथेच जातो.

'पण आमच्या नटाला एक्स्प्रेशनच देता येत नाही' ही तक्रार हमखास येते. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्हने एकाच नटाचा तोच चेहरा एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी असा वेगवेगळ्या शॉटांना जोडला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर भूकही दिसली आणि दुःखही. आपल्या शेतकऱ्याच्या कोऱ्या चेहऱ्यानंतर बँकेची नोटीस लावा, मग मुलीच्या लग्नाची पत्रिका लावून बघा. अर्थ बदलेल, नट तोच राहील. त्यामुळे चेहरा रडत नाही म्हणून खाली करुण बासरी ओतू नका, पुढचा शॉट नीट निवडा.

उडी आणि उलटी नजर

एकाच अँगलचे दोन टेक जोडले की माणूस जागच्या जागी दचकल्यासारखा दिसतो. मुद्दाम केलेली अशी उडी, म्हणजे जंप कट, वेगळी; ही नुसती खटकते. कॅमेऱ्याची जागा निदान तीस अंशांनी बदललेली आणि शॉटचा आकारही वेगळा असेल तर कट लपतो. शूटिंग होऊन गेलं असेल तर मधे हाताचा, चहाच्या ग्लासाचा, ऐकणाऱ्याचा शॉट टाका. तोही नसेल आणि फुटेज फोर-के असेल, तर फुल एचडी टाइमलाइनवर तोच शॉट दुपटीपर्यंत मोठा करता येतो. क्लॅरिटी जात नाही.

घाटाच्या पायरीवर बसलेले दोघं बोलताना दोघेही उजवीकडेच बघतायत, असं झालं तर कॅमेऱ्याने त्यांच्यामधली काल्पनिक रेषा ओलांडलेली असते. शॉट आरशासारखा उलटवून काम होतं, पण मागे दुकानाची पाटी असेल तर अक्षरंही उलटतील. त्यापेक्षा मधे दोघांना एकत्र दाखवणारा वाइड शॉट टाका.

कंटिन्युइटीचं, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळण्याचं, नाशिकचं खास दुखणं म्हणजे पावसाळ्यातली गोदावरी. पहिल्या दिवशी पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला आणि दुसऱ्या दिवशी गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्यामुळे कमरेला! पुराचा अंदाज मारुतीवरून घेणारं हे शहर आहे, प्रेक्षकाच्या ते नजरेतून सुटणार नाही. दोन दिवसांचे वाइड शॉट एका संवादात मिसळू नका. संवाद क्लोजअपमध्ये पूर्ण करा आणि वाढलेलं पाणी पुढच्या सीनच्या सुरुवातीला ठेवा. दिवस गेल्याचं आपोआप कळेल.

आवाजाचे सांधे

चित्रातला खटका एकवेळ खपतो, आवाजातला नाही. घाटावर घंटा घणघणत असते आणि कट झाला की ती अर्ध्यात तुटते. शूटिंगच्या जागी सगळ्यांना गप्प करून मिनिटभर नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करून ठेवा. तो पूर्ण सीनखाली सलग अंथरा आणि प्रत्येक ऑडिओ कटवर दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज विरत असताना दुसरा वर येऊ द्या.

ओठ आणि आवाज सुरुवातीला जुळतात, पण शेवटाकडे सुटत जातात, असं होत असेल तर मोबाइलचा बदलता फ्रेम रेट (सेकंदाला टिपलेल्या चित्रांची संख्या) तपासा. बरेच फोन सेकंदाला कायम 30 फ्रेम घेत नाहीत, संख्या थोडी हलत राहते. एडिटला बसण्याआधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर फ्रेम रेटला बदलून घ्या. टाइमलाइन 25 ची की 30 ची, हेही फुटेज आत ओढण्याआधी ठरवा.

फिरणारी, फुटणारी रेडीमेड ट्रान्झिशन रीलला ठीक आहेत. डिझॉल्व्ह, म्हणजे एक शॉट विरत दुसरा उमटणं, दिसला की प्रेक्षकाला वाटतं, बराच वेळ गेला. म्हणून एकाच संवादाच्या मधे तो नको. गाण्याच्या प्रत्येक ठोक्यावर कटही नको, चौथ्या ठोक्याला पुढचा कट आधीच कळायला लागतो.

रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, झाला की तो स्क्रिप्ट न वाचलेल्या माणसाला दाखवा आणि 'कशी वाटली?' विचारू नका. नाशिककर भिडेखातर 'भारी' म्हणून मोकळा होईल. 'काय काय घडलं ते सांग' म्हणा. तो जिथे अडखळेल किंवा भलतंच सांगेल, तिथला टाइमकोड (फिल्ममधली नेमकी वेळ) लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच कामाला लागा.